धातूरसाचे चुंबकीय ढवळण

वितळलेल्या धातूस कोणत्याही साधनाचा स्पर्श न होता तो चुंबकीय क्षेत्राने ढवळण्याची क्रिया. हैदराबाद येथील ‘मिश्र धातु निगम’ (स्थापना १९७३) या केंद्रीय उपक्रमातील निर्वात प्रवर्तन भट्ट्यांत ती घडते. मुशीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाह सोडला असता धातूत भोवरा-प्रवाह निर्माण होतात. त्यांच्या उष्णतेने धातू वितळतो, तर चुंबकीय क्षेत्रामुळे त्यांच्यावर पडणाऱ्या बलाने रस घुसळला जाऊन मध्यभागी फुगतो. प्रवाहाची कंप्रता जितकी कमी, तितके ढवळणे जोरकस. मात्र ते अति झाल्यास मुशीचे अस्तर झिजून रसात उतरते. उलट, निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम ही मूलद्रव्ये सर्वत्र सारखी न मिसळल्यास लगडीत दुर्बल जागा राहतात. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे कवच मॅरेजिंग पोलादाचे असते. तेथे अशी एखादी जागाही घातक ठरू शकते.