सिस्टर, मावशी आणि फायर ब्रिगेडच्या जवानांचे आभार कसे मानायचे? पेढे, पैसे की आणखी काही?

पेशंटला डिस्चार्ज मिळतो. बिलं, औषधांची पिशवी, फाइल असं सगळं गोळा होतं आणि निघता निघता घरातलं कुणीतरी विचारतं, "सिस्टरना काहीतरी द्यायला हवं ना?" मग पेढ्यांचा बॉक्स येतो, नाहीतर मावशींच्या हातात शंभरची नोट सरकवली जाते. आग विझवून बंब निघून जातो तेव्हा तर आभार कुणाचे मानायचे, हेच कळत नाही.

यामागची भावना खरी असते, अडतं ते पद्धतीवर. काय दिलेलं चालतं, कशाने हे लोक अडचणीत येतात आणि कशाचा त्यांना खरंच उपयोग होतो? समजून घेऊया.

टाळ्या-थाळ्यांनंतर काय झालं?

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी ५ वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं उधळली गेली. त्याच काळात सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचं विमा संरक्षणही जाहीर केलं. त्यात आशा सेविका आणि सफाई कर्मचारीही होते.

पण जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा सेविकांना मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा सेविकांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला आणि २०२३ मध्ये राज्यातल्या आशा पुन्हा संपावर गेल्या.

टाळ्यांनी उमेद मिळते, यात शंका नाही. पण टाळ्या एका दिवसाच्या असतात आणि ड्युटी रोजची. म्हणून आभार असे हवेत, की त्यांचं रोजचं काम थोडं तरी सोपं होईल.

'खुशी' देण्यात चूक काय?

बाळंतपण झालं की "खुशी द्या" हे शब्द अनेक हॉस्पिटलांत ऐकू येतात. आनंदात कुणी दोनशे देतं, कुणी पाचशे. देणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही.

अडचण पुढच्या पेशंटची होते. तुम्ही आनंदाने दिलेली रक्कम हळूहळू 'रेट' होते. ज्याच्याकडे घरी जायला एसटीचे पैसे नाहीत, त्याच्याकडूनही तीच अपेक्षा ठेवली जाते. पैसे दिले नाहीत तर आपल्या माणसाकडे लक्ष देतील का, ही भीती तिथूनच सुरू होते. मराठीत 'चहापाणी' या साध्या शब्दाला दुसरा अर्थ आला, तो असाच.

शिवाय, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार सरकारी कर्मचाऱ्यांच्या भेटवस्तू घेण्यावर बंधनं आहेत. म्हणजे तुमचं पाकीट त्यांच्यावरच शेकू शकतं.

मग पेढेही द्यायचे नाहीत का?

रोख रक्कम आणि महागडी वस्तू टाळा. खाऊ द्यायचा असेल तर परिसेविकेला, म्हणजे वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना, आधी विचारा. त्या हो म्हणाल्या तर तो एकट्या डॉक्टरांना न देता सगळ्या वॉर्डसाठी द्या आणि तीनही शिफ्टना पुरेल असा द्या. नाइट ड्युटीवाल्यांपर्यंत सहसा रिकामा बॉक्सच पोचतो.

यात मावशी, मामा, सफाई कामगार, लॅब टेक्निशियन आणि लिफ्टमन विसरू नका. पेशंटची चादर बदलणारी, त्याला स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेणारी माणसं हीच असतात.

सगळ्यात उपयोगी: दोन ओळींचं पत्र

तक्रारीचं पत्र लगेच लिहिलं जातं, कौतुकाचं क्वचितच. सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलात वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने पत्र द्या. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आगीच्या घटनेत त्या भागातल्या अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांना लिहा. खासगी हॉस्पिटलात फीडबॅक फॉर्म मिळतो, त्यात नुसतं 'चांगलं' असं न लिहिता नाव लिहा.

पत्रात तारीख, वॉर्ड, शिफ्ट, कर्मचाऱ्याचं नाव आणि त्याने नेमकं काय केलं, एवढं पुरेसं आहे. उदाहरणार्थ: "अमुक तारखेला रात्रपाळीत वडिलांना श्वास घ्यायला त्रास होत होता. अमुक सिस्टर तासभर त्यांच्याजवळ थांबल्या आणि आम्हालाही धीर दिला." पत्र आवक विभागात देऊन पोच घ्या. आवक क्रमांक पडला की ते कागदोपत्री राहतं.

नाव लिहिणं का महत्त्वाचं? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलात दहशतवादी शिरले, तेव्हा सिस्टर अंजली कुलथे यांनी २० गरोदर महिलांना सुरक्षित ठेवलं. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये व्हिडिओद्वारे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आपला अनुभव मांडला. त्यांचं नाव जगापर्यंत पोचलं. बहुतेकांचं नाव मात्र वॉर्डच्या बाहेरही जात नाही.

पोस्ट किंवा रील टाकताना

कौतुकाची पोस्ट जरूर टाका, पण फोटो काढण्याआधी कर्मचाऱ्याची परवानगी घ्या. मागच्या बेडवरचा पेशंट, केसपेपर किंवा रिपोर्ट फ्रेममध्ये नको. आग किंवा अपघात सुरू असताना शूटिंगसाठी थांबलेली गर्दी बंबाची आणि ॲम्ब्युलन्सची वाट अडवते. तेव्हा मोबाइल खिशात ठेवून बाजूला होणं, हेही आभारच.

वेळ येण्याआधीच मानायचे आभार

ॲम्ब्युलन्सला वाट द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई नुसार अत्यावश्यक वाहनाला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

१०१, १०८ आणि ११२ वर गंमत म्हणून फोन करू नका, मुलांनाही करू देऊ नका.

सोसायटीत बंब आत येईल एवढी वाट मोकळी ठेवा. मे २०१५ मध्ये काळबादेवीतल्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाच्या ४ अधिकाऱ्यांचा जीव गेला. आपल्या इमारतीतलं तुंबलेलं जिनं आणि सामानाने भरलेले पॅसेज जवानांसाठी धोक्याचे असतात.

भेटीची वेळ पाळा, वॉर्डात एकाच वेळी दहा नातेवाईक नकोत. आणि कुणी हात उगारत असेल तर त्याला अडवा. राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर, परिचारिका किंवा इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या माणसाला रक्त मिळालं असेल तर बरं वाटल्यावर घरातल्या कुणीतरी रक्तदान करा. निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी, तर महिला दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकतात.

कोणता दिवस कुणाचा?

१४ एप्रिल: अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले.

१२ मे: जागतिक परिचारिका दिन, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची जयंती.

१ जुलै: डॉक्टर्स डे, डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिन आणि स्मृतिदिन.

२१ ऑक्टोबर: पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात शहीद झालेल्या १० जवानांच्या स्मरणार्थ.

या दिवशी स्टेटस ठेवायला हरकत नाही. पण जमलं तर त्याच दिवशी जवळच्या केंद्रात किंवा हॉस्पिटलात ते राहिलेलं पत्रही देऊन या.