काँकॉर्डचे ऋषी

* राल्फ वाल्डो इमर्सन (१८०३–१८८२). अमेरिकेत रूढ असलेली ही उपाधी लेखकाने तशीच ठेवली आहे. ऋषी म्हटल्यावर आपल्याला अरण्यातला एकांतवासी आठवतो. इमर्सन मात्र काँकॉर्ड गावातले मुलाबाळांचे गृहस्थ. घरी पाहुण्यांचा राबता आणि हिवाळाभर गावोगाव व्याख्याने.

आधी ते बॉस्टनच्या सेकंड चर्चमध्ये पाद्री होते. प्रभुभोजनाचा विधी मनापासून करता येईना, तेव्हा १८३२ मध्ये त्यांनी ती जागा सोडली. १८३८ मध्ये हार्वर्डच्या धर्मशाखेत बोलताना ते आणखी पुढे गेले. चमत्कारांवर आणि ख्रिस्ताच्या व्यक्तिमाहात्म्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा माणसाने स्वतःच्या अंतःकरणातला ईश्वरी अंश ओळखावा, हे त्यांचे म्हणणे धर्मपंडितांना भलतेच झोंबले. पुढे जवळजवळ तीस वर्षे हार्वर्डने त्यांना व्याख्यानाला बोलावले नाही!

१८४१ चा स्वावलंबनावरील निबंध याच मुशीतला. त्यातले स्वावलंबन पैशाचे नव्हे, बुद्धीचे: लोक काय म्हणतील याची, इतकेच काय, आपणच काल काय म्हणालो याचीही भीड न बाळगण्याचे. फळ्यावरचा सुविचार म्हणून तो वाचला की त्याची सारी धार जाते.

त्यांचा तरुण लेखक-मित्र थोरो याने १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधली ती इमर्सन यांच्याच जमिनीवर. त्याच वर्षी चार्ल्स विल्किन्सच्या इंग्रजी भाषांतरातून इमर्सन गीता वाचत होते. १८५७ मध्ये 'अटलांटिक' मासिकाच्या पहिल्याच अंकात त्यांची 'ब्रह्म' ही कविता आली. मारणारा आणि मरणारा एकच, हा त्यातला विचार आपल्याकडे कीर्तनाच्या श्रोत्यालाही ओळखीचा; अमेरिकी वाचक मात्र गोंधळले आणि वृत्तपत्रांत तिची विडंबने छापून येऊ लागली. — संपा.