घोड्याच्या रक्तातून डोळ्यापर्यंत

थायरॉइडमुळे बाहेर आलेल्या डोळ्यांवर सलाइनमधून अँटिबॉडी देतात, असे ऐकले की यवतमाळात ते परदेशी नवलच वाटते. पण या औषधाची आजी इथल्या ग्रामीण रुग्णालयांत कधीची येऊन बसली आहे. निंदण-डवरणीच्या दिवसांत परड, म्हणजे पुस्तकातली घोणस, चावली की जे ‘सापाचे इंजेक्शन’ देतात, ती अँटिबॉडीच. कुपीत पांढरी पूड असते. तिच्यात 10 मिली पाणी घालून कुपी हळूहळू फिरवायची; गदागदा हलवली तर नुसता फेस होतो. पोराला आणि बापाला डोस सारखाच, कारण साप वय पाहून विष सोडत नाही.

या घराण्याची सुरुवात 1890 ची, बर्लिनची. विष थोडे थोडे टोचून सरावलेल्या जनावराच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, हे बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले. त्याच दशकात फ्रान्सच्या काल्मेटने नागाच्या विषावर तीच युक्ती चालवली. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही घोड्यांच्या रक्तातून हा उतारा निघू लागला. घोड्याचे प्रथिन मात्र माणसाला परके. अंगावर पित्त उठते, कधी रक्तदाब कोसळतो; म्हणून शेजारी अॅड्रेनलिन भरून ठेवावे लागते.

1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या पेशींकडून हवी ती एकच अँटिबॉडी करून घेतली. मग माणसाची जनुके घातलेले उंदीर आले आणि परकेपणाही बराच गेला. डोळ्यांचे ते औषध, टेप्रोट्युमुमॅब, याच शाखेतले. ते खरे तर कर्करोगासाठी केलेले. तिथे चालले नाही; डोळ्यांवर मात्र चालले.

ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात शरीराचीच अँटिबॉडी उलटते. ती थायरॉइडला पिटाळते आणि डोळ्यामागच्या पेशींनाही चेतवते. तिथे थायरॉइडच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) दुसऱ्या, म्हणजे आयजीएफ-1 च्या, ग्राहकाची साथ मिळते. पेशी पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ बनवतात, चरबी वाढते, स्नायू सुजतात. खोबण हाडाची, ती ताणणार कशी? डोळाच पुढे येतो आणि एकाचे दोन दिसू लागतात. औषध त्या दुसऱ्या ग्राहकावर ठाण मांडते आणि साथ तुटते. थायरॉइडचे उपचार वेगळे चालूच ठेवायचे.

जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. दर 3 आठवड्यांनी एक, अशी 8 सलाइन. त्या वेळच्या चाचणीत 83 टक्के रुग्णांचा डोळा किमान 2 मिलिमीटर आत गेला. नुसत्या सलाइनवर 10 टक्क्यांचा. पण काहींची रक्तातली साखर वाढते, काहींना ऐकू कमी येते. म्हणून पहिल्या सलाइनआधी कान तपासून घेतात.