सातव्या आवृत्तीचीं चौदा वर्षें

इतिहासांतील कांहीं तारखा तोफांच्या आवाजानें लक्षांत राहतात, तर कांहीं इतक्या शांतपणें येऊन जातात, कीं ज्यांचें नशीब त्या दिवशीं पालटतें त्यांनाहि त्याची गंधवार्ता नसते. ५ जानेवारी २०२५ ही अशीच एक तारीख होय. त्या दिवशीं कोणतें राज्य बुडालें नाहीं, कीं कोणता तह मोडला नाहीं. ‘ड्रुपल’ नांवाच्या एका संगणक-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीची देखभाल तिच्या निर्मात्यांनीं त्या दिवशीं थांबविली, एवढेंच घडलें. परंतु जगांतील दोन लाखांहून अधिक संकेतस्थळें तेव्हांहि त्याच आवृत्तीवर उभीं होतीं. हीं स्थळें चालविणाऱ्यांत जसे मोठे उद्योग होते, तशाच शाळा, ग्रंथालयें आणि धर्मादाय संस्थाहि होत्या. चौदा वर्षांपूर्वी ज्या आवृत्तीचें स्वागत देशोदेशीं मेजवान्या देऊन झालें, ती सोडतां सोडतां लोकांच्या नाकीं नऊ कां आले, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाहीं. सुधारणेची किंमत कोणीं चुकवावी, हा जुनाच वाद त्यांत नव्या वेषांत उभा आहे.

ही प्रणाली काय करते, हें आधीं पाहिलें पाहिजे. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत संकेतस्थळाचें प्रत्येक पान हातानें रचावें लागे. संस्थेचा पत्ता बदलला, तर शंभर पानें उघडून शंभरदां तो बदलावा लागे. मजकूर-व्यवस्थापन प्रणालीनें हें काम वांटून दिलें. लेख, तारखा, लेखकांचीं नांवें हीं सर्व एका कोठारांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, राहतात. पानाची मांडणी ठरविणारे सांचे निराळे राहतात. वाचकानें पान मागितलें, कीं प्रणाली कोठारांतून मजकूर काढते, तो सांच्यांत बसविते आणि त्याच क्षणीं पान तयार करून देते. छापखान्यांतील जुळारी, यंत्र चालविणारा आणि कागदाचा कोठीवाला यांचीं कामें एकट्यानें करणारा हा नोकर आहे.

कोठारांतील मजकूर म्हातारा होत नाहीं. दहा वर्षांपूर्वीचा लेख आजहि तोच असतो. प्रणाली मात्र म्हातारी होते. ती ज्या भाषेंत लिहिलेली असते, ती भाषा पुढें जाते. ड्रुपल हें ‘पीएचपी’ या भाषेंत लिहिलेलें आहे आणि त्या भाषेच्या पांचव्या पिढीची देखभाल २०१८ च्या अखेरीस संपली. प्रणालीच्या भिंतींत चोरांना शिरतां येईल अशीं भोंकें कालांतरानें सांपडतात. शिवाय वाचकांच्या संवयी बदलतात. टेबलावरील मोठ्या पडद्यासाठीं आंखलेलें पान हातांतील फोनवर वाचवत नाहीं. म्हणून ज्यानें कांहींच बदललें नाहीं, त्याचेंहि संकेतस्थळ दिवसेंदिवस मागें पडत जातें.

ड्रुपलचा जन्म बेल्जममधील अँटवर्प येथें झाला. २००० सालीं तेथील विद्यापीठांत शिकणाऱ्या ड्रीस बॉयटार्ट या तरुणानें व त्याच्या मित्रांनीं वसतिगृहांत इंटरनेटची एकच जोडणी वांटून घेतली होती. एकमेकांस निरोप देण्यासाठीं बॉयटार्टनें एक लहानशी प्रणाली लिहिली. आज जेवावयास कोठें जमावयाचें, अशा स्वरूपाच्या बातम्या तींत येत. विद्यार्थिदशा संपल्यावर हा संबंध तुटूं नये, म्हणून त्यानें ती इंटरनेटवर आणावयाचें ठरविलें. डच भाषेंत ‘दोर्प’ म्हणजे खेडें. तें नांव नोंदवितांना अक्षरांची अदलाबदल झाली आणि ‘ड्रॉप’, म्हणजे थेंब, असें नांव पडलें. पुढें थेंबाला डच भाषेंत असलेल्या ‘द्रुपेल’ या शब्दावरून ‘ड्रुपल’ हें नांव आलें. जानेवारी २००१ मध्यें बॉयटार्टनें ही प्रणाली कोणासहि फुकट वापरतां यावी, तपासतां यावी व सुधारतां यावी अशा परवान्याखालीं खुली केली.

या खुलेपणानें जगभरचे स्वयंसेवक तिच्याभोंवतीं जमले. कोणीं दिनदर्शिका जोडली, कोणीं छायाचित्रांची सोय केली, कोणीं वर्गणी स्वीकारण्याची व्यवस्था केली. मूळ प्रणाली लहान आणि तिला जोडावयाचे सुटे भाग हजारों, अशी ही रचना होती. तिच्या मुळाशीं एक कठोर तत्त्व होतें. नवी मोठी आवृत्ति निघेल तेव्हां वापरणाऱ्याच्या मजकुराला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. जुन्या आवृत्तीसाठीं लिहिलेले सुटे भाग मात्र निरुपयोगी झाले तरी त्याची पर्वा करावयाची नाहीं. जुन्या चुकांचें ओझें डोक्यावर घेऊन पुढें जातां येत नाहीं, अशी निर्मात्यांची धारणा होती. ड्रुपल पुढें आलें तें बऱ्याच अंशीं याच धारणेमुळें, आणि पुढें जें दुखणें उद्भवलें त्याचेंहि बीज तेथेंच आहे.

ऑक्टोबर २००९ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ‘व्हाइट हाउस’चें संकेतस्थळ ड्रुपलवर आलें आणि वसतिगृहांतील या खेळण्यास प्रतिष्ठा मिळाली. ५ जानेवारी २०११ रोजीं सातवी आवृत्ति निघाली. ती शिकण्यास फार जड नव्हती. पीएचपीचें बेताचें ज्ञान असलेला एखादा शिक्षक वा ग्रंथपाल संध्याकाळच्या फावल्या वेळांत आपल्या संस्थेचें संकेतस्थळ तींत उभें करूं शके. अशा हौशी हातांनींच तिचा प्रसार केला.

त्याच वर्षीं आठव्या आवृत्तीचें काम सुरू झालें आणि तें पुरें होण्यास जवळजवळ पांच वर्षें लागलीं. निर्मात्यांनीं या वेळीं घराची डागडुजी न करतां पायाच नवा घातला. स्वतः लिहिलेले अनेक भाग काढून त्यांच्या जागीं ‘सिम्फनी’ या फ्रेंच मंडळींनीं उभारलेल्या संग्रहांतील भाग घेतले. सांचे लिहिण्याची पद्धति बदलली. पूर्वी स्थळाची रचना आणि स्थळाचा मजकूर एकाच कोठारांत मिसळलेले असत. आतां रचना निराळ्या फायलींत लिहितां येऊं लागली. तीन हजारांहून अधिक लोकांचे हात लागलेली ही आवृत्ति १९ नोव्हेंबर २०१५ रोजीं बाहेर आली. जाणत्यांनीं तिची वाखाणणी केली आणि ती वावगी नव्हती.

परंतु सातव्या आवृत्तींतून आठवींत जाण्याचा सरळ जिना राहिला नव्हता. पूर्वी जागच्या जागीं आवृत्ति पालटण्याची सोय असे. आतां शेजारीं नवें घर बांधून जुन्या घरांतील सामान एकेक करून तेथें न्यावें लागे. सामान नेण्याचीं साधनें निर्मात्यांनीं दिलीं होतीं, म्हणजे मजकुराविषयींचें वचन त्यांनीं पाळलें. पण सांचे नव्यानें लिहावे लागत, आणि सुटे भाग नव्या पायावर पुन्हां कोणीं तरी घडविलेले असावे लागत. मूळ स्वयंसेवकानें तें काम सोडून दिलें असेल, तर वापरणारा अडून बसे. मोठ्या संस्थेनें द्रव्य खर्चून तज्ज्ञ नेमले. ज्या ग्रंथपालानें संध्याकाळीं बसून स्थळ उभें केलें होतें, त्याच्यापाशीं ना द्रव्य होतें, ना नवी विद्या शिकण्यास उसंत.

ही नाराजी आठवी आवृत्ति निघण्यापूर्वींच प्रगट झाली होती. नेट हॉग व जेन लॅम्प्टन या ड्रुपलच्याच दोन जुन्या कार्यकर्त्यांनीं २०१३ सालीं निराळी चूल मांडली आणि जानेवारी २०१५ मध्यें ‘बॅकड्रॉप’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. सातव्या आवृत्तीचाच वंश, पण लहान संस्थांना परवडेल अशा बेतानें वाढविलेला, असें तिचें स्वरूप होतें. आणि सातव्या आवृत्तींतून तींत येण्याचा जिना त्यांनीं मुद्दाम ठेवला होता.

तरी पुष्कळजण जागचे हलले नाहींत. हलण्यांत खर्च होता. न हलण्यांतील धोकाहि कांहीं काल्पनिक नव्हता. १५ ऑक्टोबर २०१४ रोजीं सातव्या आवृत्तींत एक भयंकर छिद्र असल्याचें जाहीर झालें. कोठाराकडे जाणारे प्रश्न गाळून घेण्यासाठीं जो पहारा बसविला होता, त्या पहाऱ्यांतच तें छिद्र होतें! दुरुस्ती त्याच वेळीं देण्यांत आली. त्यानंतर दोन आठवड्यांनीं निर्मात्यांच्या सुरक्षा-मंडळानें सांगितलें, कीं घोषणेपासून सात तासांच्या आंत ज्यांनीं दुरुस्ती केली नसेल, त्यांनीं आपलें स्थळ परक्याच्या ताब्यांत गेलें असें धरून चालावें. भारतांतील घड्याळाप्रमाणें ते सात तास रात्रीं साडेनऊपासून पहाटे साडेचारपर्यंतचे होते. येथील व्यवस्थापक झोपेंत असतांनाच तो अवधि संपला होता. शिवाय मागाहून दुरुस्ती केल्यानें आंत शिरलेला चोर बाहेर जात नव्हता, कीं त्यानें पाडलेलें मागचें दार बुजत नव्हतें.

मार्च २०१८ मध्यें तसाच दुसरा प्रसंग आला. या वेळीं मंडळानें एक आठवडा आधीं सूचना दिली आणि २८ मार्च रोजीं दुरुस्ती प्रसिद्ध केली. सहावी, सातवी व आठवी या तिन्ही आवृत्तींना ती बाधा होती आणि तिच्या कक्षेंत दहा लाखांहून अधिक स्थळें येत असल्याचा अंदाज होता. पैकीं सहाव्या आवृत्तीची अधिकृत देखभाल दोन वर्षांपूर्वींच थांबलेली होती. तींत राहिलेल्यांची भिस्त, शुल्क घेऊन जुनीं घरें सांभाळणाऱ्या कांहीं व्यापारी संस्थांवर राहिली.

सातव्या आवृत्तीची मुदत प्रथम नोव्हेंबर २०२१ पर्यंत ठरली होती. मग कोविडची सांथ आली. संस्थांचीं अंदाजपत्रकें कोलमडलीं आणि मुदत नोव्हेंबर २०२२ वर गेली. पुढें ती नोव्हेंबर २०२३ वर आणि शेवटीं ५ जानेवारी २०२५ वर नेण्यांत आली. मधल्या काळांत आणखी एक विपरीत घडलें. आठवी आवृत्ति ज्या सिम्फनीवर उभी होती, तिच्या त्या पिढीची देखभाल नोव्हेंबर २०२१ मध्यें संपत होती. म्हणून २ नोव्हेंबर २०२१ रोजीं आठवी आवृत्तीच आधीं निवृत्त झाली आणि तिची थोरली बहीण सातवी तिच्यामागें तीन वर्षांहून अधिक काळ जगली! लाखों रहिवाशांना रस्त्यावर काढतां येत नाहीं, याची कबुलीच प्रत्येक मुदतवाढींत होती.

निर्मात्यांनीं या अनुभवापासून धडा घेतला, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. यापुढें एका मोठ्या आवृत्तींतून दुसरींत जाणें सोपें राहील, असें आश्वासन बॉयटार्टनें २०१७ सालीं दिलें. जुना भाग एकदम तोडावयाचा नाहीं. तो जाणार अशी खूण आधीं करावयाची, नवा भाग त्याच्या शेजारीं आणून ठेवावयाचा आणि पुढच्या मोठ्या आवृत्तींत जुना काढावयाचा, अशी रीत पडली. जून २०२० मध्यें आलेली नववी आवृत्ति म्हणजे बहुतांशीं आठवीच होती. तिच्यांतून खूण केलेले भाग तेवढे वगळले होते. दहावी व अकरावी याच रीतीनें आल्या. पण ‘व्हाइट हाउस’चें स्थळ २०१७ च्या डिसेंबरांतच दुसऱ्या प्रणालीकडे गेलें होतें आणि सातव्या आवृत्तींत अडकलेल्यांना तो मोठा प्रवास टळला नव्हता.

मराठी वाचकाचाहि या कथेशीं संबंध येतो. १९९६ सालीं अमेरिकेंतील मराठी मंडळींनीं सुरू केलेली ‘मायबोली’ आणि २००७ सालचें ‘मिसळपाव’ या स्थळांनीं ड्रुपलचा आश्रय घेतला. तेथील कथा, पाककृति, प्रवासवर्णनें व वादविवाद हें एका पिढीचें लेखन आहे आणि त्यांतील पुष्कळसें कागदावर कधींच उतरलेलें नाहीं. असें स्थळ नव्या आवृत्तींत नेतांना केवळ अक्षरें नेऊन भागत नाहीं. जुन्या कोठारांत देवनागरी अक्षरें चुकीच्या संकेतपद्धतीच्या नांवाखालीं सांठविलेलीं असलीं, तर स्थलांतरांत त्यांच्या जागीं निरर्थक खुणांची रांग उमटते. प्रत्येक लेखाचा एक क्रमांक असतो आणि तोच त्याच्या पत्त्यांत येतो; तो बदलला, कीं इतरत्र दिलेले सर्व निर्देश एकाएकीं पोरके होतात. चांगले पत्ते कधीं बदलत नसतात, असें विश्वव्यापी जाळ्याचा जनक टिम बर्नर्स-ली यानें १९९८ सालींच बजावलें होतें. म्हणून जाणते लोक प्रथम सर्व कोठाराची नक्कल काढून ठेवतात, कोणते सुटे भाग खरोखर वापरांत आहेत त्याची यादी करतात, नकलेवर सारा प्रयोग एकदां पार पाडून पाहतात आणि मगच मूळ स्थळाला हात लावतात.

सातव्या आवृत्तीच्या चौदा वर्षांत खलपुरुष कोणीच आढळत नाहीं. निर्मात्यांनीं पाया बदलला नसता, तर सगळें घरच मोडकळीस आलें असतें; रहिवासी हलले नाहींत, कारण हलण्याचें बळ त्यांच्यापाशीं नव्हतें. चूक झाली ती हिशेबांत. नवें बांधण्याचा खर्च सर्वांनीं मांडला, पण जुन्यांतून लोकांना सुखरूप बाहेर आणण्याचा खर्च कोणाच्याच वहींत लिहिला गेला नाहीं. आणि न लिहिलेला तो खर्च अखेरीस सर्वांत दुबळ्या संस्थांच्या माथीं पडला. संकेतस्थळ उभारणाऱ्या कोणत्याहि संस्थेनें पहिल्याच वर्षीं, घरपट्टीप्रमाणें, देखभालीसाठीं कांहीं रक्कम बाजूस काढून ठेवावी, एवढी शिकवण या इतिहासांतून घेतली तरी पुष्कळ झालें. कोठारांतील मजकूर आपल्या मागें राहणाऱ्यांचा आहे. तो त्यांच्या हातीं पोंचता करणें हें आज किल्ली ज्याच्यापाशीं आहे त्याचें काम आहे.