अमझेऱ्याच्या लढाईला रंग कोणता?

दिवाळीचा किल्ला हा मराठी मुलाचा इतिहासाशी होणारा पहिला व्यवहार. बेळगावात काय किंवा खानापूर-निपाणीकडे काय, सहामाही परीक्षा संपली की दगड, विटा, गोणपाट आणि चिखल गोळा होतो, त्यावर मोहरी-नाचणीची हिरवळ उगवते आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर उभे राहतात. मावळा बुरुजाइतकाच उंच असतो, सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा मोठे असतात. पण ते कुणालाच खटकत नाही. या किल्ल्यांत रायगड असतो, प्रतापगड असतो, आमच्याकडे येळ्ळूरचा राजहंसगडही असतो. नर्मदेपलीकडचे मात्र काही नसते. धार नसते, देवास नसते. मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून गेले. आपला चिखल काही गेला नाही.

मला लष्करी देखावे करण्याचा नाद आहे. इंग्रजीत ज्याला डायोरामा म्हणतात त्याला आपल्याकडे देखावा हा चांगला रुळलेला शब्द आहे. गणपतीपुढे असतो तोच. दागेर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२२ साली पॅरिसमध्ये डायोरामा सुरू केला तेव्हा तो रंगवलेल्या भल्यामोठ्या पडद्यांचा आणि उजेडाचा खेळ होता. पुढे त्याच नावाखाली मोजून-मापून केलेल्या छोट्या प्रतिकृती आल्या. जमीन, झाडे, माणसे, घोडे सारे एकाच प्रमाणात लहान करायचे आणि एखादा क्षण फळीवर उभा करायचा, असे या कामाचे स्वरूप. मी यासाठी निवडला तो २९ नोव्हेंबर १७२८ चा अमझेऱ्याचा संग्राम. आणि या कामाने मला काही गोष्टी शिकवल्या, ज्या नुसत्या वाचनाने कळल्या नसत्या. त्या सांगण्यासाठी हा लेख.

अमझेरा हे आज मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले गाव. धारहून पश्चिमेला निघाले की साधारण तासाभरात बस तिथे पोचते. विंध्याचा डोंगर इथे भिंतीसारखा आहे. त्याच्या दक्षिणेला खाली नर्मदेचे खोरे, म्हणजे निमाड. वर काळ्या मातीचे माळव्याचे पठार. मांडूच्या कड्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की सुमारे तीनशे मीटर खाली निमाडची शेते दिसतात. दक्षिणेतून येणाऱ्या फौजेला माळव्यात शिरायचे तर ही भिंत एखाद्या घाटानेच चढावी लागे. माळव्याचा बादशाही सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दयाबहादूर यांनी हे जाणून अमझेऱ्याच्या घाटाची नाकेबंदी केली आणि तिथे तळ दिला. चिमाजी आप्पाची फौज नर्मदा उतरली ती मात्र मांडूच्या बाजूच्या घाटाने वर चढली आणि पाठीमागून अमझेऱ्यावर आली. उदाजी पवार, मल्हारराव होळकर यांच्यासारखे माळव्याच्या वाटा तुडवलेले सरदार बरोबर होते. एका दिवसात सारे आटोपले. गिरिधर बहादूर आणि दयाबहादूर दोघेही पडले.

जुन्या इंग्रजी इतिहासांत दयाबहादुराचा शेवट तीन वर्षे पुढे, तिरला या गावी झाल्याचे लिहिलेले सापडते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले आणि सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह यांनी माळव्याचा इतिहास नव्याने तपासला, तेव्हा दोघांचे मरण एकाच दिवशी, एकाच रणात आणून ठेवावे लागले. म्हणजे ही लढाईसुद्धा कागद जुळवून उभी केलेली आहे.

आता फळीकडे येऊ. माझे प्रमाण एकास बहात्तर. साडेपाच फूट उंचीचा माणूस या प्रमाणात तेवीस मिलिमीटरचा होतो. दख्खनी घोडा खांद्याशी चौदा मुठींचा धरला तर वीस मिलिमीटर. ही मापे हातात मावतात. पण ज्या डोंगराने लढाईचा निकाल लावला तो तीनशे मीटरचा चढ याच प्रमाणात चार मीटरांहून उंच होतो; घराचे छप्पर फोडून वर जाईल. मांडू ते अमझेरा हे अंतर सरळ रेषेत पस्तीस किलोमीटरच्या आसपास. त्यासाठी अर्धा किलोमीटर लांबीचे टेबल लागेल. उलट, डोंगर टेबलावर मावेल असे प्रमाण घेतले, समजा सर्वेक्षण खात्याच्या नकाशाचे एकास पन्नास हजार, तर पस्तीस किलोमीटरचे सत्तर सेंटिमीटर होतात, पण डोंगर अवघा सहा मिलिमीटर उरतो आणि माणूस धुळीच्या कणाएवढाही राहत नाही. जमीन दाखवा नाहीतर माणूस दाखवा. दोन्ही एका मापात बसत नाहीत.

मी दोन फळ्या केल्या. पहिलीवर नकाशातल्या समोच्च रेषा एकेक करून दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर कापल्या. वीस मीटरला एक थर, असे पंधरा थर चिकटवले की तीन सेंटिमीटरचा कडा उभा राहतो. हा खऱ्याच्या पाचपट उंच झाला, पण उठावाच्या नकाशांत उंची अशी वाढवण्याची रीतच आहे, नाहीतर डोंगर बोटाला लागत नाही. दुसऱ्या फळीवर, तीन फूट बाय दोन फुटांत, नाकेबंदीचा एक कोपरा. खऱ्या जमिनीवर हा तुकडा पासष्ट मीटर लांब आणि त्रेचाळीस मीटर रुंद भरेल. त्यात चाळीसएक घोडे आणि शंभरावर माणसे मावली. हजारोंच्या लढाईतले शंभर.

हे गणित मांडताना मला आपल्या दिवाळीच्या किल्ल्याचे मोठेपण कळले. बुरुजाएवढा मावळा ही पोराची अडाणी समजूत मानायची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात त्याने तोच प्रश्न सोडवलेला असतो. त्याला डोंगरही हवा असतो आणि माणूसही. मग दोन मापे तो एकत्र नांदवतो, आणि ते लपवतही नाही. याच मार्गाने विलायतेतला एक मोठा कारागीर गेला. विल्यम सायबॉर्न हा इंग्रज लष्करी अधिकारी. वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्यासाठी तो १८३० साली कित्येक महिने त्या रणभूमीवर जाऊन राहिला, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती, असे विचारले, आणि सत्तर हजारांवर शिसे-कथलाची माणसे मांडली. ती जमिनीच्या मानाने मोठीच होती. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रतिकृती लोकांनी पाहिली. आजही ती तिथल्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. भांडण लागले ते मात्र मापावरून नाही. सायबॉर्नने त्या घटकेला रणात आलेले प्रशियन सैन्य भरपूर दाखवले होते, आणि त्यामुळे विजयाचे श्रेय वाटले जात होते. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या बाजूच्यांना ते रुचले नाही. पुढे सायबॉर्नला हजारो प्रशियन शिपाई फळीवरून उचलावे लागले. लेखात एखादे वाक्य गाळले तर सहज ध्यानात येत नाही. फळीवरून माणूस उचलला की त्याची भोके राहतात.

माझ्यापुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तार वाकवून सांगाडे झाले, त्यावर एपॉक्सीची लुगदी चढली, पागोटी, ढाली, भाले झाले. अमझेऱ्याच्या शेतातली माती चाळून फळीवर पसरली. नोव्हेंबरची अखेर, म्हणून ज्वारीची कापलेली धाटे केरसुणीच्या काड्यांची केली आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झुडपे लावली. मांडूचे ते पोट सुटलेले गोरखचिंचेचे झाड लावण्याचा मोह फार झाला, पण ते मांडूची खूण म्हणून पहिल्या फळीवरच शोभते. इथवर सारे सुरळीत होते. मग रंगांच्या बाटल्या उघडल्या.

इतिहास लिहिणाऱ्याजवळ 'बहुधा' नावाचा एक उत्तम शब्द असतो. 'असावे', 'दिसते', 'संभवते' हे त्याचे भाऊ. कुंचल्याजवळ यातला एकही नाही. बंडी एक तर पांढरी, नाहीतर तांबडी. घोडा कुमाईत, नाहीतर अबलख. रंगवणाऱ्याला प्रत्येक माणसाबद्दल ठाम उत्तर द्यावे लागते, आणि सगळ्यांत ठाम उत्तर मागणारा सवाल असा की दोन फौजा वेगळ्या कशा ओळखायच्या?

सोपी वाट बाजारातच तयार असते. आपले भगवे, त्यांचे हिरवे. नाटकात, चित्रपटात, मिरवणुकीच्या चित्ररथांवर आपण हे इतक्या वेळा पाहिले आहे की हात आपोआप त्या दोन बाटल्यांकडे जातो. पण अमझेऱ्याला बांधाआड उभा असलेला सुभेदार गिरिधर बहादूर हा नागर ब्राह्मण. अलाहाबादचा सुभेदार झालेल्या छबिलेराम नागराचा पुतण्या. समोरून, खरे म्हणजे पाठीमागून, येणारा सेनापती चित्पावन ब्राह्मण. दोन्हीकडच्या फौजांत हिंदू होते आणि मुसलमानही होते. इंदूरजवळच्या कंपेलचे जमीनदार नंदलाल मंडलोई याच सुभ्यात नांदत होते आणि मराठ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. एकसारखा गणवेश तर या काळात कुणालाच नव्हता. तो आपल्याकडे आला तो पुढे अर्धशतकाने, महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींबरोबर. पेशव्याचा शिलेदार स्वतःच्या घोड्यावर, स्वतःच्या कपड्यांत येई आणि सुभेदाराचा स्वारही तसाच.

म्हणून दोन्ही बाजूंना मी एकच रंगपेटी वापरली. मळकट पांढरा, गेरू, नीळ, मंजिष्ठाची फिकी तांबडी छटा. छोट्या वस्तूवर रंग मुळाहून गडद दिसतो, म्हणून प्रत्येकात थोडा पांढरा मिसळावा लागतो. आधी सगळ्यांवर करडा अस्तर, मग मूळ रंग, मग पातळ तपकिरीचा हात, जो कपड्यांच्या चुण्यांत साचतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग. एवढे झाल्यावर घोडा घामेजलेला आणि माणूस धुळीतून आलेला दिसू लागतो. फरक ठेवला तो सामानात. बांधाआडच्या काहींच्या अंगावर लोखंडी चिलखत आहे, तोफा गाड्यांवर चढवलेल्या आहेत, बैल सोडून बांधलेले आहेत. येणारे हलके आहेत. भाला, तलवार, खोगिराला तोबरा. ही दोन फौजांतली खरी ओळख, आणि एका परीने लढाईचे कारणही. जो जड होता तो एका घाटाला जखडून बसला. जो हलका होता त्याला दुसरा घाट निवडता आला.

क्षण निवडला तो पहिल्या घावाच्या आधीचा. बांधाआडच्या सगळ्यांची तोंडे घाटाकडे, तोफांची तोंडेही तिकडेच. पाठीमागे धुळीतून पहिले स्वार. एकच मोतद्दार, हातात पाण्याची पखाल घेतलेला, मान वळवून मागे पाहतो आहे. फळी कशी ठेवायची, यावर पुष्कळ विचार केला. स्वारांच्या बाजूने पाहिले तर फक्त पाठी दिसतात आणि विजय सोपा वाटतो. म्हणून बांध पुढे ठेवला. आता पाहणाऱ्याला आधी त्या वाट पाहणाऱ्या माणसांचे चेहरे दिसतात, मग तो मोतद्दार, आणि मग त्याच्या नजरेमागून येणारे आपले लोक.

या एका दिवसातून पुढे काय काय निघाले! चिमाजी आप्पा तिथून उज्जैनवर गेला. ते मात्र त्याला वेढा घालूनही मिळाले नाही. तरी मराठ्यांचा माळव्यातला पाय आता उचलला जाणार नव्हता. उदाजी पवाराची धार पुढे त्याचा भाऊ आनंदराव याच्या वंशाकडे गेली. चुलतभाऊ तुकोजी आणि जिवाजी यांच्याकडे देवास आले आणि त्यातून थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. एका गावात दोन दरबार कसे नांदत, याचे नवल त्याने १९५३ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. १९४८ साली दोन्ही पात्या आणि धार मध्य भारतात विलीन झाल्या. देवासची प्रतिकृती करायला घेतली तर एकाच गावाला दोन रंग द्यावे लागतील, आणि दोन्ही पवारांचेच. सीमेवर राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

धारच्या किल्ल्यातच १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. त्याच धारमध्ये वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके येऊन स्थायिक झाले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. त्यांचा स्टुडिओ तिथे आहे. शिल्पकार एक माणूस निवडतो आणि त्याला माणसाहून मोठा करतो. त्याची थोरवी आपल्याला मान वर करून पाहावी लागते. देखावा करणारा शंभर माणसे घेतो आणि सगळ्यांना सारखेच लहान करतो. चिमाजी आप्पा तेवीस मिलिमीटर, गिरिधर बहादूर तेवीस मिलिमीटर, मोतद्दारही तेवीसच. पाहणाऱ्याला वाकावे लागते.

इतिहासाला दोन्ही हवेत. पण पुतळे आपल्याकडे पुष्कळ झाले. यंदा दिवाळीच्या किल्ल्यासाठी चिखल कालवताना एखाद्या गल्लीतल्या मुलांनी थोडा चिखल विंध्याच्या भिंतीसाठीही राखून ठेवावा, तिच्यावर दोन घाट काढावेत, आणि मावळे कोणत्या घाटाने न्यायचे यावर आपसात भांडावे. मावळे डोंगराहून उंच झाले तरी चालतील. फक्त समोरच्यांना रंग देण्याआधी ते कोण होते, हे एकदा कुणाला तरी विचारावे.