एका ओळीची उत्तरे

भंवरकुआं चौकातून खंडवा रस्त्याकडे वळले की पुस्तकांच्या दुकानांतून 'सामान्य ज्ञाना'च्या हिंदी पुस्तिकांचे गठ्ठे दिसतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी गावोगावहून आलेली मुले त्या तोंडपाठ करतात. 1891 साली निघालेले होळकर महाविद्यालय येथून जवळच आहे. चौकाला मात्र 2021 पासून टंट्या भिल्लाचे नाव मिळाले आहे. आपल्या पूर्वजांचा माळव्यातील इतिहास या पुस्तिकांत एकेका ओळीपुरता उरला आहे. निदान त्या ओळी तरी आपण पारखून घ्याव्यात, एवढ्यासाठी हे टिपण.

अहिल्यादेवींची राजधानी कोणती? आपल्यापैकीही पुष्कळजण चटकन 'इंदूर' म्हणतील. ती महेश्वर होती. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर राजधानी इंदुरास आली. आपले शहर राजधानी झाले ते पराभवानंतर, ही गोष्ट गौरवग्रंथांतून सहसा दबक्या आवाजात येते. हा तह इंग्रजांच्या बाजूने जॉन माल्कम याने केला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात दुसरा बाजीराव शरण गेला तोही माल्कमलाच.

या बाजीरावाचे माळव्याशी आणखी एक नाते आहे. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि 'धरावे'चे 'मारावे' केल्याचे बालंट आनंदीबाईंच्या माथी बसले. पुराव्याने सिद्ध न झालेली ही आख्यायिका म्हणीच्या आधाराने इतिहास होऊन बसली आहे. पुढे राघोबादादांची धावपळ सुरू झाली, तेव्हा गरोदर आनंदीबाईंना धारच्या पवारांनी आश्रय दिला. जानेवारी 1775 मध्ये धारच्या किल्ल्यात त्यांना पुत्र झाला. तोच हा अखेरचा पेशवा.

ग्रंथव्यवहाराविषयी पुस्तिकांत एक प्रश्न हमखास असतो: गांधीजी इंदुरास हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष किती वेळा झाले? उत्तर, दोनदा; 1918 आणि 1935. दक्षिणेत हिंदी प्रचारक पाठविण्याच्या कार्याला 1918 च्या त्या अधिवेशनातूनच चालना मिळाली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1917 साली, याच शहरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते, आणि 1935 सालीही येथे मराठी संमेलन झाले. अध्यक्ष होते औंधचे पंतप्रतिनिधी. म्हणजे एकाच वर्षात दोन्ही भाषांची संमेलने या नगरीने भरविली. मला ही नोंद फार मोलाची वाटते. दोन्ही भाषांना मांडीवर घेणारे असे शहर सहजी सापडायचे नाही. त्यानंतर मराठी संमेलन येथे आले ते थेट 2001 साली, विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली. पुस्तिकेत यातले गांधीजी तेवढे आहेत. त्यात हिंदी लेखकांचा दोष नाही. आपल्या नातवंडांना आपणच हे कधी सांगितलेले नाही, आणि सांगितले असते तरी ते वाचायला देवनागरीतली मराठी त्यांतल्या कितीजणांना रुचली असती, कोण जाणे.

संगीताविषयी फार लिहीत नाही. लता मंगेशकरांचा जन्म 1929 साली इंदुरात झाला हे सर्वांना पाठ आहे, परंतु त्यांची घडण येथली नव्हे. इंदूरचे नाव गायकीलाच जोडले गेले ते उस्ताद अमीर खाँ यांच्यामुळे. झुमऱ्यातला त्यांचा संथ ख्याल ऐकलेल्यांना हे सांगायला नको. कुमार गंधर्व 1948 साली क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले आणि तेथलेच झाले. आपल्यांतलेच एक स्थलांतरित म्हणा ना.

राहता राहिले खाणे. सराफ्यात रात्री 'भुट्टे का कीस' मागणाऱ्या मुलाला 'कीस' म्हणजे काय हे ठाऊक नसते. आपल्या घरी मात्र खोबरे, गाजर, बटाटा सारे काही किसलेच जाते. आणि एकादशीला आपण ज्या साबुदाण्याच्या खिचडीला सनातन फराळ समजतो, तिच्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, मिरची, बटाटा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांचा मार्ग खुला होईपर्यंत यांतले काहीही आपल्याकडे नव्हते. मक्याचे कणीसही तिकडचेच. त्या सराफ्यातल्या थाळीत जुने असे काही असेल, तर ते बहुधा तूप आणि जिरे.