जो बॉमन : लहान गांवांतला मोठा टोलेबाज

श्रोतेहो, आजच्या भाषणासाठीं मीं जो पुरुष निवडला आहे, त्याचें नांव आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या कानांवर आलें असेल. तो राजा नव्हता, सेनापति नव्हता, ग्रंथकारहि नव्हता. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यांत रॉसवेल नांवाचें एक गांव आहे. तेथें दिवसा मोटारींत पेट्रोल भरणारा आणि रात्रीं दिव्यांच्या उजेडांत बेसबॉल खेळणारा असा तो एक साधा गृहस्थ होता. तथापि १९५४ सालच्या एका हंगामांत त्यानें जो पराक्रम केला, तो ओलांडावयास साऱ्या अमेरिकेला सत्तेचाळीस वर्षें लागलीं. जो बॉमन हें त्याचें नांव.

आपल्याकडील मंडळींस क्रिकेट ठाऊक आहे, म्हणून बेसबॉलची ओळख त्याच भाषेंत करून देतों. आपल्या षटकाराचा भाऊ शोभेल असा त्या खेळांतला टोला म्हणजे होम रन. चेंडू न टिपतां कुंपणापलीकडे भिरकावला, कीं फलंदाजानें चारी टप्पे सावकाश फिरून यावें व आपल्यापुढें वाटेंत उभे असलेले सोबतीहि घरीं आणावे. परंतु एक भेद ध्यानांत ठेवावा. क्रिकेटमध्यें एकाच डावांत पांच-सात षटकार मारणारे वीर निघतात. बेसबॉलमध्यें फलंदाजाला एका सामन्यांत चार-पांच वेळांच संधि मिळते. त्यामुळें संबंध हंगामांत तीस होम रन झाले तरी तो खेळाडू नांवाजला जातो. सुप्रसिद्ध बेब रूथ यानें १९२७ सालीं ६० होम रन केले, तेव्हां तो आंकडा मानवी शक्तीची परिसीमाच होय, असें लोकांस वाटलें.

आतां अमेरिकेंतील या खेळाची व्यवस्था पाहूं. सर्वांत वर 'मेजर लीग' म्हणजे मोठ्या शहरांची साखळी. तिच्या खालीं 'मायनर लीग' म्हणजे दुय्यम साखळ्या. त्यांच्याहि आपल्या शाळेंतल्या इयत्तांसारख्या पायऱ्या असत. ट्रिपल ए, डबल ए, ए, बी, सी आणि डी अशी ती उतरंड होती. १९४९ सालीं अशा ५९ साखळ्या चालू होत्या. ज्या गांवांत नाटकगृह नाहीं, विद्यापीठ नाहीं, अशा गांवांतहि स्वतःचा बेसबॉल संघ असे आणि सायंकाळीं अर्धें गांव लांकडी बांकांवर येऊन बसे. बॉमनचें आयुष्य या खालच्या पायऱ्यांवर गेलें.

त्याचा जन्म १६ एप्रिल १९२२ रोजीं ओक्लाहोमा राज्यांतील वेल्च या खेड्यांत झाला. उंची सहा फूट पांच इंच, अंगकाठी दणकट आणि हात डावरा. १९४१ सालीं तो धंदेवाईक खेळांत उतरला. परंतु लगेच महायुद्ध आलें व उमेदीचीं वर्षें आरमारी नोकरींत गेलीं. युद्ध संपल्यावर टेक्ससमधील अमरिल्लो येथें त्यानें १९४६ सालीं ४८ आणि १९४७ सालीं ३८ होम रन मारले. १९४८ सालीं बोस्टन ब्रेव्हज या मोठ्या संघाच्या आश्रयाखालीं तो हार्टफर्ड येथें खेळला. शिडीची दुसरी पायरी आतां हातीं येणार, असें कोणासहि वाटलें असतें. पण येथेंच त्याच्या आयुष्याला वळण लागलें.

त्या काळीं बेसबॉलच्या करारांत एक विलक्षण कलम असे. खेळाडूनें एकदां सही केली, कीं मुदत सरली तरी त्याच्यावरचा हक्क संघाचाच राही. मालकानें त्याला विकावा, धाडावा किंवा बसवून ठेवावा. खेळाडूनें मात्र दुसऱ्या संघाचें दार ठोठावूं नये. हें बंधन १९७५ सालापर्यंत टिकलें. अशा स्थितींत देऊं केलेला पगार घ्यावा किंवा घरीं बसावें, एवढेच दोन मार्ग उरत. बॉमननें तिसरा मार्ग काढला. पगार त्याला पटला नाहीं. याहून अधिक पैसा आपण रस्त्याच्या कोपऱ्यावर बुटांच्या नाड्या विकून मिळवूं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें म्हणून सांगतात. मग तो ओक्लाहोमांतील एल्क सिटी या गांवीं गेला व तेथील हौशी वळणाच्या संघांतून तीन वर्षें खेळला. मोठ्या संघाचें स्वप्न त्यानें अशा रीतीनें आपल्याच हातानें बाजूस ठेवलें. यांत मानीपणा होता, तसा रोकडा हिशेबहि होता.

१९५२ सालीं तो न्यू मेक्सिकोंत आर्टेशिया येथें आला. तेथील दोन हंगामांत त्यानें ५० व ५३ होम रन मारले. १९५४ सालीं तो जवळच्याच रॉसवेल गांवच्या 'रॉकेट्स' संघांत दाखल झाला. साखळीचें नांव लाँगहॉर्न, पायरी 'सी'. गांवांत त्याचें पेट्रोलचें दुकान होतें. पगार बेताचा, पण त्या भागांत एक गोड चाल होती. खेळाडूनें होम रन मारला, कीं प्रेक्षक जाळीच्या भोंकांतून डॉलरच्या नोटा बाहेर खोंचीत आणि तो वीर कुंपणाच्या कडेनें चालत त्या गोळा करी. ज्याला आपण दौलतजादा म्हणूं, त्याचाच हा मर्दानी खेळांतला प्रकार होय.

त्या वर्षीं आंकडा चढत चालला. धंदेवाईक बेसबॉलमधला उच्चांक तेव्हां ६९ होता. तो जो हाउझर यानें १९३३ सालीं मिनिआपोलिस येथें व बॉब क्रूझ यानें १९४८ सालीं अमरिल्लो येथें गांठला होता. ५ सप्टेंबर १९५४ हा हंगामाचा शेवटचा दिवस. बॉमनचेहि ६९ झाले होते आणि त्या दिवशीं आर्टेशियाच्या मैदानावर दोन सामने होते. त्याला अधिक संधि मिळावी म्हणून संघानें त्याला सर्वांच्या आधीं फलंदाजीस धाडलें. पहिल्याच डावांत चेंडू कुंपणापार गेला आणि सत्तर झाले. दुसऱ्या सामन्यांत आणखी दोन. एकूण ७२! ज्या गांवच्या संघाविरुद्ध हें घडलें, तें त्याच्या दोन वर्षांच्या परिचयाचें जुनें गांव होतें, हाहि एक योगच. १३८ सामने, ४९८ संधि, १९९ यशस्वी टोले आणि २२४ धावा घरीं आणल्या, असा त्या हंगामाचा हिशेब आहे.

कोणी म्हणेल, कीं हा पराक्रम खालच्या इयत्तेंतला. रॉसवेल साडेतीन हजार फुटांहून उंच, हवा कोरडी व विरळ, चेंडू दूर जातो; शिवाय गोलंदाज कच्चे. हें सारें खरें आहे, आणि तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु तीच हवा आणि तेच गोलंदाज त्या साखळींतल्या प्रत्येक फलंदाजाच्या वांट्यास आले होते; ७२ एकट्यानेंच मारले. मीं जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. खेड्यांतल्या शाळेंतला पहिला नंबर शहरांतल्या पहिल्या नंबराएवढाच असतो, असें मी म्हणणार नाहीं. पण तो पहिला नंबर खोटा असतो, असेंहि मला कोणी पटवूं शकलेला नाहीं.

पुढें काय झालें? मोठ्या संघाचें बोलावणें त्याला आलें नाहीं. वय बत्तिशीचें झालें होतें, व मेजर लीगमध्यें तो एकहि सामना कधीं खेळला नाहीं. १९५६ सालीं त्यानें बॅट खालीं ठेवली, तेव्हां कारकीर्दींतले एकूण होम रन ३३७ झाले होते. त्याची साखळीहि १९५५ नंतर त्या नांवानें उरली नाहीं. घरोघर दूरचित्रवाणी आली, लोक मैदान सोडून घरीं बसूं लागले, आणि १९६३ च्या पुनर्रचनेंत बी, सी, डी या पायऱ्याच मोडीत निघाल्या. गांवोगांवचे दिवे विझले. बॉमन मात्र रॉसवेलमध्येंच राहिला. १९९८ सालीं मार्क मॅग्वायर सत्तरावर थांबला. २००१ सालीं बॅरी बाँड्सनें ७३ मारले, तेव्हां कोठें बॉमनचा आंकडा मागें पडला. दुय्यम साखळ्यांत सर्वाधिक होम रन मारणाऱ्यास आज त्याच्या नांवाचें पारितोषिक मिळतें. रॉसवेलच्या मैदानालाहि २००५ सालीं त्याचें नांव दिलें गेलें आणि त्याच वर्षीं २० सप्टेंबर रोजीं, त्र्याऐशीव्या वर्षीं, त्याच गांवीं त्यानें देह ठेवला.

असो. इतिहास बहुधा राजधान्यांतून लिहिला जातो. आडगांवच्या कर्तृत्वाला त्यांत एखादी तळटीपच लाभते. जो बॉमनला तेवढीहि तळटीप वेळेवर मिळाली नाहीं. पण ज्या रात्रीं तो जाळीशीं उभा राहून चुरगळलेल्या नोटा वेंचीत होता, त्या रात्रीं त्याला पाहणारांनीं त्याचें मोल ठरविलेलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पुन्हां पेट्रोलच्या नळीशीं उभा असे. अशीं माणसें आपल्याहि गांवांत असतील. तीं हयात आहेत तोंवरच त्यांची विचारपूस करावी, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.